फीड, ईमेल आणि परत येणारा वाचक

सदराकडे आलेल्या पत्रांपैकी या वेळी बरीचशी पत्रे ब्लॉग लिहिणाऱ्यांची आहेत. लेख वाचून गेलेला वाचक पुढच्या लेखाला परत का येत नाही, आणि त्याला नव्या लेखाची वर्दी कशी पोहोचवावी, हा त्या सर्वांचा मुख्य प्रश्न आहे. सारखे आशय असलेली पत्रे एकत्र करून त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

प्रश्न: मी आकाशनिरीक्षणावर ब्लॉग लिहितो. नवा लेख आला की समाजमाध्यमांवर त्याचा दुवा देतो. पूर्वी त्यावरून चांगले वाचक येत असत, आता फारसे कोणी फिरकत नाही. एका मित्राने आरएसएस फीडचा उपाय सुचवला आहे, परंतु ती पद्धत कधीच मागे पडली, असेही ऐकतो. आपले मत काय?

उत्तर: समाजमाध्यमावर दिलेला दुवा कोणाला दाखवायचा आणि कोणाला नाही, हे ती कंपनी ठरवते. तुमचे नाव आवडीने 'फॉलो' केलेल्या माणसालाही तुमचा लेख दिसेल याची त्यात कोणतीच हमी नसते. फीडमध्ये असा निवड करणारा मध्यस्थ नसतो. फीड ही तुमच्या अलीकडच्या लेखांची, यंत्राला वाचता येईल अशा एक्सएमएल स्वरूपातली यादी असते आणि ती ठरलेल्या पत्त्यावर कायम उपलब्ध असते. वाचकाने हा पत्ता आपल्या फीड रीडरला एकदा दिला, की ते रीडर अधूनमधून तेथे जाऊन नवे काही आले आहे का ते तपासते आणि आले असेल तर वाचकापुढे ठेवते. यासाठी वाचकाला स्वतःचे नाव किंवा ईमेल कोणालाही द्यावे लागत नाही, आणि कंटाळा आला तर तुमची परवानगी न घेता तो यादीतून तुमचे नाव काढून टाकू शकतो. हे स्वातंत्र्य असल्यामुळेच चोखंदळ वाचक फीड पसंत करतात.

मागे पडल्याची समजूत कशातून आली, तेही पाहू. नेटस्केप कंपनीने मार्च 1999 मध्ये आपल्या संकेतस्थळासाठी आरएसएस या फीडच्या साच्याची पहिली आवृत्ती आणली. त्यानंतर काही वर्षे तिच्या निरनिराळ्या आवृत्त्यांवरून बरीच भांडणे झाली. सप्टेंबर 2002 मध्ये आलेली 2.0 ही आवृत्ती आजही सर्वत्र चालते. त्या भांडणांना कंटाळलेल्या मंडळींनी ॲटम नावाचा दुसरा साचा तयार केला आणि डिसेंबर 2005 मध्ये तो आरएफसी 4287 या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजाने प्रमाणित झाला. पुढे 1 जुलै 2013 रोजी गूगलने आपले लोकप्रिय 'गूगल रीडर' बंद केले आणि डिसेंबर 2018 मध्ये फायरफॉक्सनेही 64व्या आवृत्तीत फीड दाखवण्याची अंगभूत सोय काढून टाकली. या दोन घटनांमुळे फीडच संपले असा अनेकांचा ग्रह झाला. प्रत्यक्षात फीडली, इनोरीडर, न्यूजब्लर, नेटन्यूजवायर अशी रीडर आज वापरात आहेत, थंडरबर्ड या ईमेलच्या सॉफ्टवेअरमध्येही फीड वाचता येते, आणि पॉडकास्टचे वितरण तर आरएसएसवरच चालते.

एक अपेक्षा मात्र ठेवू नये. फीडमुळे नवे वाचक येत नाहीत. शोधयंत्रातून, मित्रांकडून किंवा समाजमाध्यमांतून एकदा आलेल्या आणि लेख आवडलेल्या वाचकाला धरून ठेवण्याचे काम फीड करते. म्हणून समाजमाध्यमांवर दुवे देणे थांबवू नका. फक्त त्या दुव्यावरून आलेल्या माणसाला जाताना फीडचा पत्ता घेऊन जाता येईल अशी सोय ठेवा.

प्रश्न: माझा ब्लॉग वर्डप्रेसवर आहे आणि बहिणीचा ब्लॉगरवर. फीड सुरू करण्यासाठी नेमके काय करावे लागते? आमच्या दोघींच्याही ब्लॉगवर फीडची ती नारिंगी खूण कोठे दिसत नाही.

उत्तर: तुम्हा दोघींचे फीड बहुधा पहिल्या दिवसापासून सुरूच आहे, फक्त ते वाचकांना दिसत नाही. वर्डप्रेसवर ब्लॉगच्या पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ देऊन 'फीड' हा शब्द रोमन लिपीत टाइप केला की फीड उघडते. एखाद्या विभागाच्या पानाच्या पत्त्यापुढे हाच शब्द जोडला, तर केवळ त्या विभागाचे फीड मिळते. कविता आणि तंत्रज्ञान अशा दोन टोकांच्या विषयांवर एकाच ठिकाणी लिहिणाऱ्यांनी ही विभागवार फीड वाचकांना आवर्जून दाखवावीत, कारण नको असलेले लेख येत राहिले की माणूस सगळेच बंद करतो. ब्लॉगरवर पत्त्यापुढे 'फीड्स', 'पोस्ट्स', 'डीफॉल्ट' हे तीन शब्द तिरक्या रेघांनी जोडून, अर्थात रोमन लिपीत, लिहावे लागतात. वर्डप्रेसचे फीड आरएसएस साच्यातले असते आणि ब्लॉगरचे मुळात ॲटम साच्यातले. रीडरना दोन्ही चालतात, त्यामुळे या भेदाची काळजी करू नका.

दुसरा भाग आहे तो पानाच्या शीर्षभागातल्या, वाचकाला न दिसणाऱ्या दुव्याचा. हा दुवा असला की वाचकाने रीडरमध्ये ब्लॉगचा साधा पत्ता टाकला तरी रीडर फीड स्वतः शोधून काढते. ब्लॉगचे रूप ठरवणाऱ्या बहुतेक थीम तो आपोआप घालतात, परंतु हाताने बदललेल्या किंवा कोठून तरी उतरवून घेतलेल्या थीममध्ये तो गळालेला असू शकतो. तपासण्याची सोपी रीत अशी, की एखाद्या रीडरमध्ये स्वतःचे खाते उघडावे, ब्लॉगचा नुसता पत्ता द्यावा आणि फीड सापडते का ते पाहावे. स्वतःच्या फीडचे सदस्यत्व प्रत्येक ब्लॉगलेखकाने घेतलेच पाहिजे, असे माझे मत आहे. लेखातली चित्रे उमटतात का, कवितेच्या ओळी तुटून एकमेकींना जोडल्या जातात का, तळटीपा कोठे जातात, हे वाचकाच्या बाजूने पाहिल्याशिवाय कळत नाही. चित्रे गायब असतील, तर बहुधा त्यांचे पत्ते अर्धवट, म्हणजे डोमेनचे नाव वगळून लिहिलेले असतात. ब्लॉगच्या पानावर असे पत्ते चालतात, रीडरमध्ये त्यांची खात्री नसते.

नारिंगी खूण जरूर लावा, पण तिच्यावर विसंबून राहू नका. फीडच्या दुव्यावर बोट ठेवले की बहुतेक ब्राउझरमध्ये वाचकापुढे कोनी कंसांनी भरलेला मजकूर येतो आणि तो बिचारा काहीतरी बिघडले असे समजून मागे फिरतो. त्याऐवजी 'नवे लेख कसे मिळवाल' असे एक छोटे पान करावे, त्यात फीडचा पत्ता, एकदोन रीडरची नावे आणि ईमेलची नोंदणी एकत्र द्यावी, आणि त्या पानाचा दुवा प्रत्येक लेखाच्या शेवटी ठेवावा. पूर्ण लेख वाचून संपवलेला माणूसच सदस्य होण्याची शक्यता सर्वांत अधिक असते. बाजूच्या पट्टीतल्या खुणांकडे त्याचे लक्ष जात नाही.

प्रश्न: फीडमध्ये पूर्ण लेख द्यावा की फक्त सुरुवातीचा उतारा? पूर्ण दिला तर ब्लॉगवर कोणी येणार नाही आणि लेख चोरीला जातील, अशी भीती वाटते.

उत्तर: पूर्ण द्यावा. वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये 'रीडिंग' या भागात ही निवड असते. उतारा निवडला आणि तो स्वतः लिहिलेला नसला, तर लेखाचे पहिले 55 शब्द घेऊन मजकूर जेथे असेल तेथे तोडला जातो. वाक्याच्या मध्यावर तुटलेला असा तुकडा पाहून वाचकाची उत्सुकता वाढते असे समजणे धाडसाचे आहे. ज्याने आपल्या मोजक्या यादीत तुम्हाला जागा दिली, त्याला दर वेळी दाराशी थांबवण्यात काही हशील नाही.

चोरीची भीती खरी असली तरी हा इलाज तिच्यावर चालत नाही, कारण लेख उचलणारी यंत्रे ब्लॉगच्या पानावरूनही तो तितक्याच सहजतेने उचलतात. उलट पूर्ण फीडमध्ये प्रत्येक लेखाखाली 'हा लेख मूळ अमुक ठिकाणी प्रसिद्ध झाला' अशी दुव्यासह एक ओळ आपोआप जोडता येते. योस्टसारखे प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला जोडायचे पूरक सॉफ्टवेअर, हे काम करते. यांत्रिक नक्कल करणारा ती ओळही सोबत नेतो आणि स्वतःच मूळ पत्ता जाहीर करतो.

ज्यांचे उत्पन्न पानावरच्या जाहिरातींवर किंवा सशुल्क सदस्यत्वावर अवलंबून आहे, त्यांच्यासाठी उतारा समजण्यासारखा आहे. तसे असेल तर यंत्राकडून लेख तोडून घेऊ नका. प्रत्येक लेखासाठी दोनतीन वाक्यांचा गोषवारा स्वतः लिहा; लेखात काय आहे आणि काय नाही हे त्यातून स्पष्ट झाले, तर येणारा वाचक तरी नाराज होऊन परत जात नाही.

प्रश्न: महिनाभरापासून माझ्या वर्डप्रेस ब्लॉगचे नवे लेख कोणाच्याच रीडरमध्ये जात नाहीत. ब्लॉग मात्र व्यवस्थित दिसतो. फीडचा पत्ता क्रोममध्ये उघडला, तर दुसऱ्या ओळीत सहाव्या स्थानी चूक असून एक्सएमएलची घोषणा दस्तऐवजाच्या अगदी आरंभीच असावी लागते, अशा अर्थाचा इंग्रजी संदेश येतो. हा काय प्रकार आहे?

उत्तर: संदेश भीतिदायक दिसत असला तरी त्यात दोषाचा नेमका ठावठिकाणा दिलेला आहे. फीडची पहिली ओळ 'हा एक्सएमएल दस्तऐवज आहे' असे सांगणारी घोषणा असते आणि तिच्याआधी एक मोकळी जागासुद्धा चालत नाही. तुमच्या फीडमध्ये ती घोषणा दुसऱ्या ओळीवर ढकलली गेली आहे, म्हणजे तिच्या आधी एक कोरी ओळ शिरली आहे. ब्लॉगचे पान एचटीएमएलमध्ये असल्याने ब्राउझर तेथे कोऱ्या ओळीकडे दुर्लक्ष करतो. एक्सएमएल वाचणारे रीडर मात्र तेवढ्यावर संपूर्ण फाइल नाकारते.

ही कोरी ओळ बहुधा थीमच्या 'फंक्शन्स' फाइलमधून किंवा एखाद्या प्लगइनमधून येते. महिनाभरापूर्वी कोणता कोड चिकटवला किंवा कोणते प्लगइन अद्ययावत केले, ते आठवून पाहा. आठवत नसेल तर प्लगइन एकेक करून बंद करा आणि प्रत्येक वेळी फीड नव्याने उघडा. ब्लॉगवर कॅशिंगचे, म्हणजे पानांच्या तयार प्रती साठवून ठेवणारे, प्लगइन असेल तर तो साठा सर्वांत आधी रिकामा करा, नाहीतर दुरुस्ती होऊनही जुनीच चूक दिसत राहील. प्लगइन निर्दोष निघाले, तर थोडा वेळ वर्डप्रेसची मूळ थीम लावून पाहा. दोषी फाइल सापडली की तिच्या सुरुवातीच्या पीएचपी (वर्डप्रेसच्या कोडची भाषा) खुणेच्या आधी किंवा शेवटच्या खुणेनंतर राहिलेली कोरी ओळ पुसून टाका. शेवटची बंद करणारी खूण मुळात नसली तरी चालते आणि जाणकार ती मुद्दाम गाळतात, ते याच कारणासाठी.

याच जातीचा दुसरा दोष वर्ड किंवा पीडीएफमधून मजकूर उचलून चिकटवणाऱ्यांना भोवतो. त्या मजकुरासोबत डोळ्यांना न दिसणारी नियंत्रक चिन्हे येतात, एक्सएमएलला ती निषिद्ध असतात, आणि एका लेखातल्या अशा एका चिन्हामुळे सगळे फीड बंद पडते. चिकटवताना 'स्वरूपाविना' हा पर्याय वापरल्यास बरीचशी घाण गळते, आणि उरलेल्या चिन्हाची ओळ शोधून देण्यासाठी वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेची फीड तपासणारी विनामूल्य सेवा आहे. फीडचा पत्ता तेथे दिला की ती चुका ओळ क्रमांकासह दाखवते. त्या यादीतल्या चुका दुरुस्त कराव्यात. सूचनांपैकी पुष्कळशा मात्र काटेकोरपणाच्या असतात आणि सोडून दिल्या तरी काही बिघडत नाही.

प्रश्न: ब्लॉगच्या संरक्षणासाठी मी एक सेवा घेतली. तेव्हापासून फीडचे वाचक कमी झाले. यांचा काही संबंध असेल का?

उत्तर: दाट शक्यता आहे. 'तुम्ही मनुष्य आहात याची खात्री करा' अशी परीक्षा घेणाऱ्या सेवा फीड रीडरलाही तीच परीक्षा घेतात आणि ते यंत्र असल्याने ते नापास होते. त्या सेवेच्या नियमांत फीडच्या पत्त्याला सूट द्या.

प्रश्न: माझे बहुतेक वाचक ज्येष्ठ आहेत आणि त्यांना फीड रीडर वगैरे जमणार नाही. त्यांना प्रत्येक लेख ईमेलने पाठवता येईल का? ईमेल पत्ते माझ्याकडे आहेतच.

उत्तर: पाठवता येईल, मात्र तुमच्या पत्रातले शेवटचे वाक्य वाचून आधी हे सांगतो, की पत्ते जवळ असणे म्हणजे परवानगी असणे नव्हे. ज्यांनी लेख मागितले नाहीत त्यांच्यापैकी काही जण 'स्पॅम'चे बटण दाबतील आणि त्याचा फटका ज्यांनी मागितले त्यांच्याही पत्रांना बसेल. म्हणून नोंदणीचा चौकोन ठेवा, आणि नोंदणीनंतर खात्री करणारे एक पत्र जाऊन त्यातला दुवा दाबल्यावरच नाव यादीत येईल, अशी दुहेरी पद्धत निवडा. ज्येष्ठ वाचकांना ही एक पायरी जास्त वाटेल. त्यांना फोनवरून समजावून सांगावे लागले तरी ती गाळू नका.

प्रत्यक्ष पाठवण्याचे काम हाताने करण्याची गरज नाही. मेलचिंपसारख्या सेवा तुमच्या फीडवर लक्ष ठेवतात आणि त्यात नवा लेख आला की यादीला पत्र पाठवतात. म्हणजे ईमेलची सोयसुद्धा फीडच्याच आधाराने उभी राहते. पत्र रोज जावे की आठवड्यातून एकदा, हे तेथे ठरवता येते. दर दोन दिवसांनी लहान टिपणे लिहिणाऱ्यांना मी साप्ताहिक पत्राचा सल्ला देईन. फेब्रुवारी 2024 पासून जीमेलने पत्र पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले आहेत. दिवसाला 5000पेक्षा अधिक पत्रे पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या, पत्र खरोखर त्याच डोमेनवरून आले हे पटवणाऱ्या, तिन्ही ओळखखुणा आणि एका बटणात नाव काढण्याची सोय सक्तीची आहे. तुमची यादी एवढी मोठी नसेल, तरीही स्वतःच्या डोमेनवरून पत्रे पाठवायची असतील तर पहिल्या दिवशीच या नोंदी करून घ्याव्यात. सेवा देणारी कंपनी त्यासाठी डोमेनमध्ये भरायच्या ओळी तयार करून देते.

देवनागरीत लिहिणाऱ्यांनी आणखी एक बारकावा ध्यानात ठेवावा. जीमेल सुमारे 102 किलोबाइटनंतर पत्र मध्येच कापते आणि 'पूर्ण संदेश पाहा' असा दुवा दाखवते. यूटीएफ-8 या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत रोमन अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीतल्या प्रत्येक वर्णाला, मात्रेला आणि हलन्ताला तीन-तीन बाइट लागतात. त्यामुळे आपला दीर्घ लेख ही मर्यादा इंग्रजी लेखाच्या कितीतरी आधी गाठतो, आणि पत्राच्या तळाशी असलेला नाव काढण्याचा दुवाही त्या कापलेल्या भागात जातो. मोठ्या लेखांसाठी ईमेलमध्ये पहिले काही परिच्छेद देऊन पुढे ब्लॉगचा दुवा द्यावा. फीडबाबत वर दिलेला सल्ला येथे लागू पडत नाही.

प्रश्न: माझ्या फीडचे सदस्य किती, हे कसे मोजावे?

उत्तर: अचूक मोजता येत नाही. काही ऑनलाइन रीडर सर्व सदस्यांसाठी तुमचे फीड एकदाच आणतात आणि त्या वेळी आपली ओळख देताना सदस्यसंख्याही सांगतात. फीडली असे करते आणि तो आकडा तुमच्या सर्व्हरच्या नोंदींत सापडतो. संगणकावर किंवा फोनवर चालणारी रीडर असे काही सांगत नाहीत. ईमेलमध्ये 'किती जणांनी पत्र उघडले' हा आकडा मिळतो, परंतु 2021 मध्ये ॲपलने आपल्या मेलमध्ये गोपनीयतेची नवी सोय दिल्यापासून पत्रातली चित्रे वाचकाने पत्र न उघडताही आधीच उतरवून घेतली जातात, त्यामुळे तो आकडाही फुगलेला असतो. आलेली उत्तरे मोजा. ती थोडी असली तरी खरी असतात.

प्रश्न: पुस्तक परीक्षणांचा माझा ब्लॉग फुकटच्या सेवेवरून स्वतःच्या डोमेनवर न्यायचा आहे. फीडचे जुने सदस्य हातचे जाऊ नयेत म्हणून काय करावे? एका परिचितांनी स्थलांतर केले, तेव्हा त्यांचे सगळे जुने लेख आम्हाला पुन्हा नवे म्हणून आले होते.

उत्तर: शेवटच्या तक्रारीपासून सुरुवात करतो. फीडमधल्या प्रत्येक लेखाला शीर्षक, दुवा आणि तारखेबरोबर एक ओळखक्रमांक असतो. आरएसएसमध्ये त्याला जीयूआयडी म्हणतात, ॲटममध्ये आयडी. लेख आधी पाहिलेला आहे की नवा, हे रीडर मुख्यतः त्यावरून ठरवते. शीर्षकातली चूक सुधारली किंवा मजकूर बदलला तरी हा क्रमांक तोच राहिला पाहिजे. वर्डप्रेसमध्ये तो एखाद्या पत्त्यासारखा दिसतो, म्हणून डोमेन बदलताना लोक डेटाबेसमध्ये जुन्या नावाच्या जागी सरसकट नवे नाव घालतात आणि त्या झपाट्यात ओळखक्रमांकही बदलतात. मग रीडरच्या दृष्टीने फीडमधले सगळे लेख नवे होतात. तुमच्या परिचितांचे बहुधा असेच झाले असावे. शोधून बदलण्याच्या प्रत्येक चांगल्या साधनात जीयूआयडीचा रकाना वगळण्याचा पर्याय असतो, तो वापरावा. एका सेवेवरून दुसऱ्या सेवेवर जाताना क्रमांक टिकेलच असे नाही. तेव्हा स्थलांतराच्या दिवशी फीडमधल्या लेखांची संख्या थोड्या काळासाठी कमी करावी, म्हणजे पुनरावृत्ती झाली तरी एकदोन लेखांचीच होईल. वर्डप्रेसमध्ये ही संख्या मुळात 10 असते आणि ती 'रीडिंग'मध्येच बदलता येते.

आता पत्त्याविषयी. सदस्याच्या रीडरमध्ये तुमचा ब्लॉग म्हणजे केवळ एक पत्ता असतो. तो पत्ता परक्याच्या नावावर असेल, तर सदस्यही त्याच्याच मर्जीवर असतात. फीडबर्नर या सेवेचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. फीड मोजण्यासाठी असंख्य ब्लॉगलेखकांनी आपला पत्ता सोडून वाचकांना फीडबर्नरचा पत्ता दिला. 2007 मध्ये गूगलने ती कंपनी घेतली, आणि 2021 मध्ये तिची ईमेल नोंदणीची सोय बंद झाली, तेव्हा आपल्याच वाचकांची यादी उतरवून घेऊन दुसरीकडे नेण्याची धावपळ अनेकांना करावी लागली. म्हणून तुम्ही डोमेन घेत आहात हे योग्यच आहे, फक्त यापुढे जाहीर कराल तो फीडचा पत्ता त्याच डोमेनवरचा असू द्या. मागची व्यवस्था कोणतीही आणि कितीदाही बदलली, तरी त्या पत्त्याला धक्का लागत नाही.

जुन्या सदस्यांना नव्या पत्त्यावर आणण्यासाठी कायमस्वरूपी रीडायरेक्ट, म्हणजे जुन्या पत्त्यावरून नव्याकडे आपोआप होणारी वळवणी (तंत्रज्ञांच्या भाषेत 301), हा राजमार्ग आहे. समजूतदार रीडर हा संदेश मिळाला की आपल्याकडचा पत्ता कायमचा बदलून घेतात. तुमची फुकटची सेवा ब्लॉगर असेल आणि लेख तेथेच ठेवून फक्त डोमेन जोडणार असाल, तर ब्लॉगर हे आपोआप करते. ब्लॉगर सोडून जाणार असाल, तर त्याच्या सेटिंग्जमध्ये लेखांचे फीड दुसऱ्या पत्त्यावर वळवण्याचा रकाना आहे. त्यात नव्या फीडचा पूर्ण पत्ता भरा. वर्डप्रेस डॉट कॉमवर अशा वळवणीसाठी शुल्क पडते. ज्या सेवेत ही सोयच नाही, तेथे जुन्या ब्लॉगवर एक अखेरचा लेख लिहून त्यात नवा पत्ता देणे एवढेच हाती उरते. तो लेख जुन्या फीडमधून सगळ्यांकडे जातो, पण त्यावर कृती करणे वाचकांच्या हाती असते आणि सगळेच ती करत नाहीत.

स्थलांतर झाले की नवे फीड तपासणी सेवेतून पारखून घ्या, स्वतःच्या रीडरमध्ये जुना पत्ता तसाच ठेवून नव्या ठिकाणी एक छोटे टिपण प्रसिद्ध करा, आणि ते जुन्या पत्त्यावरून, एकदाच आणि चित्रांसह येते का ते पाहा. आले तरी जुना ब्लॉग पुसून टाकू नका, कारण त्याच्याबरोबर रीडायरेक्टही जातो आणि महिनोन्‌महिने रीडर न उघडलेले वाचक वाटेतच राहतात.